बाहेरचा सेन्सर टांगायचा कुठे?

सकाळी पावणेआठला २४ अंश, सव्वाआठला ३३, साडेनऊला परत २७. वायरलेस तापमापकाचा सेन्सर घराबाहेर टांगलेला असतो आणि त्याचा आकडा घरातल्या छोट्या पडद्यावर दिसतो. तिथे बाहेरचं तापमान असं उडी मारून खाली आलेलं दिसलं की पहिला संशय सेन्सरवर जातो. सेल बदलून पाहिले जातात, संच परत करायची भाषा सुरू होते. सेन्सर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. समोरच्या इमारतीआडून सूर्य वर आला, तासभर सेन्सरच्या डबीवर ऊन पडलं, मग छज्जाची सावली आली, इतकंच घडलेलं असतं. खात्री करणं सोपं आहे. पुढच्या निरभ्र दिवशी तोच उंचवटा जवळपास त्याच वेळी पुन्हा येतो आणि ढगाळ दिवशी गायब असतो. हवा काही घड्याळ लावून अर्ध्या तासात नऊ अंशांनी तापत नाही.

कोणताही तापमापक, पाऱ्याचा असो की इलेक्ट्रॉनिक, एकाच वस्तूचं तापमान सांगू शकतो: स्वतःचं. ते भोवतालच्या हवेइतकंच आहे, हे आपण धरून चालतो. वायरलेस सेन्सरच्या डबीत बहुधा थर्मिस्टर नावाचा एक बारीक मणी असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध घटतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. आर्द्रताही दाखवणाऱ्या संचात दोन्ही कामं करणारी छोटी चिप असते. मणी असो की चिप, तिला बाहेरच्या हवेची खबर मिळते ती डबीच्या आतल्या हवेतून आणि डबीच्या प्लास्टिकमधून. म्हणजे डबी तापली की आकडा चढला, मग बाहेरची हवा काहीही म्हणो.

आणि डबी तापायला तीन वाटा आहेत. भोवतालची हवा तिला लागते, ही पहिली. ज्या भिंतीला किंवा खिळ्याला ती टेकली आहे तिथून उष्णता आत शिरते, ही दुसरी. तिसरी वाट प्रारणाची, म्हणजे सूर्य, तापलेली भिंत, फरशी, समोरचा पत्रा यांच्याकडून मधल्या हवेला न जुमानता थेट येणारी उष्णता. आपल्याला फक्त पहिली वाट हवी आहे. सेन्सरची जागा निवडताना जे जे नियम सांगितले जातात, ते सगळे उरलेल्या दोन वाटा बंद करण्यासाठी आहेत. हे एकदा लक्षात आलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही, आपल्या घराकडे बघून ते स्वतःच काढता येतात.

उन्हाचा मामला किती मोठा आहे, ते एका हिशोबात कळतं. भर दुपारी निरभ्र आकाशातून सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊर्जा पडते. १० सेंमी उंच, ५ सेंमी रुंद आणि ३ सेंमीहून थोडी कमी जाड अशी डबी घेतली तर तिचा उन्हात येणारा पृष्ठभाग ५० चौरस सेंमी. त्यावर पडतात ५ वॉट. स्वच्छ पांढरं प्लास्टिक त्यातली चार पंचमांश ऊर्जा परतवतं, असं धरू. तरी एक वॉट आत मुरतोच. हा एक वॉट बाहेर टाकायला डबीकडे तिचा सगळा पृष्ठभाग आहे, दोनशे चौरस सेंमीच्या आत. वारा पडलेला असेल तर एवढ्या पृष्ठभागातून एक वॉट निघून जाण्यासाठी डबीला हवेपेक्षा सुमारे ५ अंश जास्त तापावं लागतं. चांगली झुळूक असेल तर दोनेक अंशांवर भागतं. आता हीच डबी दोन-तीन वर्षं उन्हात राहून पिवळट, धुळकट झाली आणि निम्मं ऊन शोषू लागली, तर फरक १२ अंशांवर जातो. ‘काल आमच्याकडे ४८ होतं’ अशा बातम्या पुष्कळदा इथे जन्माला येतात.

या हिशोबातून एक गंमतही दिसते. वस्तू जितकी बारीक तितकी ती हवेशी जास्त घट्ट जोडलेली असते, कारण तिच्याभोवती चिकटून राहणारा स्थिर हवेचा थर पातळ असतो. म्हणून केसासारख्या बारीक तारेचा तापमापक थेट उन्हातही हवेच्या बराच जवळचा आकडा देतो, आणि सेल, सर्किट, पाणी अडवणारं आवरण असं सगळं पोटात घेतलेली डबी उन्हात सपशेल चुकते. डबीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं, त्यावरून ती उघड्यावर कुठेही चालते असा समज होतो. पाणी आत जाणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. उन्हाबद्दल त्या शब्दात काहीही आश्वासन नाही.

वेधशाळांनी हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच हाताळला. स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणाऱ्या घराण्यातले अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६० च्या दशकात तापमापकासाठी एक पांढरी लाकडी पेटी तयार केली. तिच्या चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी झडपा असतात. पट्ट्या अशा कललेल्या की ऊन आणि पाऊस सरळ आत येऊ शकत नाही, वारा मात्र आरपार जातो. उत्तर गोलार्धात तिचं दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे नोंद घेताना दार उघडलं तरी सूर्य आत डोकावत नाही. जगभरच्या वेधशाळांच्या हिरवळीवर पायांवर उभी असलेली ती पेटी हीच. तिच्यातही दोष आहे. वारा अजिबात नसलेल्या कडक दुपारी पेटीच तापते आणि आतला आकडा एखादा अंश वर जातो. त्यावरचा उतारा जर्मन हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड आसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढला: तापमापक चकचकीत धातूच्या नळीत ठेवायचा आणि चावीच्या पंख्याने त्याच्यावरून हवा सतत ओढत राहायची. आजच्या महागड्या हवामान संचांमध्ये सेन्सरखाली जो छोटा पंखा असतो, तो याच कल्पनेचा वारस.

जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर हवा. उंचीचा आग्रह उगाच नाही. उन्हात तापलेल्या कोरड्या जमिनीचा पृष्ठभाग हवेपेक्षा वीस अंशांनी सहज जास्त तापतो आणि त्याला लागून असलेल्या हवेत बोटाबोटाला तापमान बदलतं. रात्री चित्र उलटं होतं: जमीन आकाशाकडे उष्णता फेकून थंड होते आणि थंड हवा तळाशी साचते. म्हणूनच थंड प्रदेशात दोन मीटरवरचा तापमापक शून्याच्या वर असताना खाली गवतावर हिमकण दिसतात. माणसाच्या छातीच्या आसपासची उंची या गोंधळातून बऱ्यापैकी बाहेर असते. याच संघटनेने केंद्रांच्या जागांची पाच वर्गांत प्रतवारी केली आहे. पहिल्या वर्गात बसायला कृत्रिम उष्णतेचा स्रोत किंवा ऊन परावर्तित करणारा पृष्ठभाग १०० मीटरच्या आत नको. पाचव्या वर्गातल्या जागेमुळे मोजमापात ५ अंशांपर्यंत अनिश्चितता येऊ शकते, असं ती सांगते. आपली बाल्कनी कोणत्या वर्गात मोडते, हे वेगळं सांगायला नको.

जागेने आणि उपकरणाने मिळून जगाला किती काळ चकवलं, याचं उदाहरण म्हणजे लिबियातलं अल् अझीझिया. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तिथे ५८ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि पृथ्वीवरचं सर्वाधिक तापमान म्हणून ती पुढची नव्वद वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिली. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या समितीने ती रद्द केली. नोंद घेणारा माणूस बहुधा नवखा होता आणि कमाल तापमान दाखवणाऱ्या सरकत्या काट्याचं चुकीचं टोक वाचून त्याने सुमारे ७ अंश वाढवले असावेत, असा निष्कर्ष निघाला. दुसरा आक्षेप जागेवर होता: तापमापकाखाली डांबरासारखा पृष्ठभाग होता, भोवतालच्या वाळवंटी मातीचं प्रतिनिधित्व तो करत नव्हता. विक्रम मग अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीकडे गेला, १० जुलै १९१३ चे ५६.७ अंश. इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले म्हणून अशा चुका संपल्या, असंही नाही. दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने २९ मे २०२४ रोजी ५२.९ अंश दाखवले तेव्हा देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा तिथला सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं.

आता घराकडे येऊ. मोकळं अंगण असेल, त्यात गवत किंवा साधी माती असेल, तर प्रश्न मिटला: घरापासून जमेल तितकं लांब, एका खांबावर दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या छत्रीसारख्या कवचात सेन्सर ठेवायचा. बहुतेकांकडे ते नसतं. असते ती भिंत, खिडकी, बाल्कनी किंवा गच्ची.

भिंतीबाबत सगळीकडे एकच सल्ला मिळतो: उत्तरेची भिंत निवडा. मध्य अक्षांशांत तो ठीक आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला मात्र तो आंधळेपणाने पाळला तर फसगत होते. २० अंश उत्तर अक्षांशावर २१ जूनला सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो, मावळतोही तितकाच उत्तरेकडे, आणि दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेच्याच बाजूने जातो. म्हणजे हिवाळाभर सावलीत असलेल्या उत्तर भिंतीवर नेमक्या त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन असतं. डिसेंबरात सेन्सर लावला आणि सगळं सुरळीत चाललं, म्हणून मे-जूनमध्येही चालेल असं धरता येत नाही. उपाय म्हणजे छज्जा किंवा कवच, आणि तिरपं ऊन अडवायला छज्जापेक्षा कवच जास्त कामाचं. पश्चिमेची भिंत मात्र सर्वांत वाईट. तिच्यावर ऊन येतं तेव्हा हवाही दिवसभराच्या सर्वाधिक तापमानाच्या जवळ असते, त्यामुळे कमाल तापमानाचा आकडाच बिघडतो. सकाळचं ऊन निदान ओळखू तरी येतं, दुपारी तीनचं ऊन खऱ्या कमालीवर चढून बसतं आणि आलेखात वेगळं दिसत नाही.

सावली मिळाली तरी भिंत भिंतच असते. वीट आणि काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री सावकाश सोडतात. त्यामुळे भिंतीला चिकटवलेल्या सेन्सरची दुपार कदाचित बरोबर निघेल, पण पहाटेचं किमान तापमान हमखास जास्त येईल, कधी दोन तर कधी चार अंशांनी. थंडीच्या दिवसांत घर आतून गरम ठेवत असाल तर हीच चूक चोवीस तास चालते. सेन्सरच्या पाठीला जो खाचेचा हुक असतो, तो खिळ्यावर अडकवा असं माहितीपत्रक सांगतं आणि आपणही तेच करतो. त्याऐवजी भिंतीतून हातभर बाहेर आलेल्या दांडीवर डबी लोंबती ठेवली तर तिच्या चहूबाजूंनी हवा खेळते आणि भिंतीचा स्पर्श सुटतो. वीसेक सेंमीचं अंतरही बरंच काम करतं. खिडकीच्या चौकटीला, विशेषतः फटी असलेल्या खिडकीला, लावणं टाळावं. घरातली हवा तिथून झिरपत असते.

उष्णतेचे लपलेले स्रोत आपल्या अंगवळणी पडलेले असतात, म्हणून सुटतात. वातानुकूलन यंत्राचं बाहेरचं युनिट हा त्यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार. एक टनाचं यंत्र खोलीतून सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता उपसतं आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज त्यात मिळवून ती सगळी बाहेर फेकतं. चार किलोवॉटच्या आसपासचा हा झोत शेजाऱ्याच्या युनिटचा असला तरी आपल्या सेन्सरला फरक पडत नाही. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट पंख्याचं तोंड, गीझरचा धूर बाहेर काढणारा पाइप, उन्हात उभ्या मोटारीचं बॉनेट, खालच्या मजल्यावरचा पत्र्याचा छप्पर-तुकडा ही मंडळीही बघून घ्यावीत. सेन्सरच्या जागी उभं राहून, डबीला डोळे असते तर तिला काय काय दिसलं असतं, ते सहाही दिशांना बघायचं. जे दिसतं ते प्रारणाने उष्णता पाठवू शकतं.

गच्ची मोकळी, वाऱ्याची, म्हणून आकर्षक वाटते. पण स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. गच्चीवरच लावायचा असेल तर फरशीपासून निदान दीड-दोन मीटर वर आणि कवचातच. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवायचा मोह होतो. तिथली सावली दिवसभर फिरते आणि टाकी स्वतःही तापते. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना वाटतं, इतक्या उंचीवरचा आकडा जमिनीपेक्षा फार वेगळा असणार. वर जाताना हवा नुसती प्रसरण पावून थंड होण्याचा वेग किलोमीटरला सुमारे ९.८ अंश आहे. दहावा मजला म्हणजे ३० मीटर धरला तर फरक ०.३ अंशांचा. शांत थंड रात्री खाली थंड हवा साचली तर वरचा सेन्सर उलट जास्त दाखवेल, तो भाग वेगळा. एरवी मजल्यापेक्षा भिंत आणि ऊन यांचा हिशोब मोठा.

झाडाची सावली चांगली, फक्त अगदी दाट पानांत डबी दडवू नये. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे तिथली हवा थोडी थंड आणि दमट असते, शिवाय पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास थेंब गळत राहतात. ओली डबी वाळताना थंड होते आणि हवेपेक्षा कमी आकडा दाखवते. पाण्यापासून वाचवायला सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत बांधणारे लोक आहेत. त्या पिशवीत आतल्या आत दमटपणा साचतो, वारा पूर्ण तुटतो आणि ऊन आलं तर ती छोटी हरितगृह बनते. त्यापेक्षा थोडा भिजलेला सेन्सर बरा.

कवचाबद्दल दोन गोष्टी नीट बघण्यासारख्या आहेत. बाजारात मिळतं ते एकावर एक उपड्या ठेवलेल्या पांढऱ्या बशांच्या चळतीसारखं दिसतं. प्रत्येक बशीची कड खाली वळलेली असते, त्यामुळे बाजूने बघितलं तर आतलं काही दिसत नाही, तरी दोन बशांमधल्या फटीतून हवा जाते. घरी करायचं तर कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आठ-दहा थाळ्या घ्याव्यात. वरच्या दोन अखंड ठेवाव्यात, बाकीच्यांना मधोमध डबी मावेल एवढं भोक पाडावं, तीन लांब आटेदार दांड्यांवर थाळ्या उपड्या ओवाव्यात आणि दोन थाळ्यांमध्ये दोनेक सेंमीचे नळीचे तुकडे घालावेत. सर्वांत खालची थाळीही मधून कापायची असली तरी तिची कड रुंद ठेवावी, कारण तापलेल्या जमिनीचं प्रारण खालून येतं. वरच्या दोन अखंड थाळ्यांपैकी पहिली तापते आणि दुसरी तिची उष्णता अडवते. ही दुसरी थाळी वगळली तर दुपारचा आकडा लगेच चुगली करतो. कवच ॲल्युमिनियमच्या कागदाने मढवायची कल्पना पुष्कळांना सुचते. ऊन परतवायला तो छान, पण शोषलेली थोडी उष्णता प्रारणाने बाहेर टाकायला अगदी मठ्ठ, आणि रेडिओ लहरींना तर तो भिंतच.

इथे वायरलेसचा विषय येतो, आणि तापमानाच्या दृष्टीने उत्तम ठरलेली जागा पुष्कळदा इथेच नापास होते. हे सेन्सर देशानुसार ४३३, ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. साधारण अर्ध्या ते एक मिनिटाला एकदा, सेकंदाच्या एका अंशापुरता संदेश सोडायचा आणि पुन्हा झोपायचं, म्हणून दोन सेलवर ते वर्ष-वर्ष चालतात. बहुतेक साध्या संचांत संभाषण एकतर्फी असतं. रिसीव्हरने, म्हणजे घरातल्या पडद्याच्या यंत्राने, ऐकलं की नाही, हे सेन्सरला कळत नाही. खोक्यावर लिहिलेला शंभर मीटरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. घरात एक विटांची भिंत थोडा सिग्नल खाते, लोखंडी सळ्यांची जाळी असलेला काँक्रीटचा स्लॅब त्याहून खूप जास्त. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंमी असते आणि सळ्यांमधली भोकं त्यापेक्षा बरीच लहान, त्यामुळे लहर सहज आरपार जात नाही. उष्णता अडवणाऱ्या काही काचांवर धातूचा अदृश्य लेप असतो, तोही असाच आडवा येतो. आणि लहर भिंतीतून तिरकी गेली तर तिला जास्त जाडी ओलांडावी लागते. रिसीव्हर त्याच भिंतीच्या थेट मागे ठेवला तर मार्ग सर्वांत छोटा.

खिडकीच्या लोखंडी ग्रिलला केबल टायने सेन्सर करकचून बांधणं ही सोय फार लोकप्रिय आहे. त्यात दोन तोटे एकदम होतात. डबीतला अँटेना धातूला खेटला की त्याचा मेळ बिघडतो आणि पल्ला घटतो, शिवाय ऊन खाल्लेलं ग्रिल डबीला उष्णता पुरवतं. मधे पंधरा-वीस सेंमीची लाकडी किंवा प्लास्टिकची काठी ठेवली की दोन्ही प्रश्न हलके होतात.

सिग्नल येत नसेल तर आपण बाहेर जाऊन सेन्सर हलवतो. आधी रिसीव्हर हलवावा. भिंतींवरून परतलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरीशी मिसळतात आणि खोलीत काही ठिकाणी एकमेकींना मारून टाकतात. अशा मुक्या जागा साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने, म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे ३५ सेंमीवर येतात. टेबलाच्या या टोकाला रेषा-रेषा दाखवणारा पडदा त्याच टेबलाच्या मधोमध आकडा दाखवू लागतो, यात जादू काहीच नाही. रिसीव्हर टीव्ही, राउटर, संगणक, स्वस्तातले एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यापासून मीटर-दीड मीटर दूर असू द्यावा. पुष्कळदा सेन्सरचा आवाज पुरेसा असतो, रिसीव्हरच्या कानाशीच गोंगाट चाललेला असतो. एकाहून जास्त सेन्सर असतील तर त्यांचे संदेश क्वचित एकमेकांवर आदळतात. म्हणून काही संचांत प्रत्येक चॅनेलची वेळ थोडी वेगळी ठेवलेली असते. एकदा आदळले तरी पुढच्या खेपेला ते आपोआप पुढेमागे होतात. अधूनमधून एखादा संदेश हुकला म्हणून जागा बदलायची गरज नाही, तापमान मिनिटाला एवढं बदलतही नाही.

जागेची चूक आर्द्रतेच्या आकड्यात आणखी ठळक होते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे. ३० अंशांना ही मर्यादा बाष्पदाबाच्या हिशोबात सुमारे ४२ हेक्टोपास्कल, ३५ अंशांना ५६. समजा हवा खरोखर ३० अंशांची आणि ६० टक्के आर्द्रतेची आहे. डबी उन्हाने ३५ अंशांवर गेली तर तेच बाष्प तिला ४५ टक्के वाटतं. त्या डबीच्या मते हवा गरम आणि कोरडी, प्रत्यक्षात मध्यम गरम आणि दमट. पडद्यावर दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव पडू लागतं तो आकडा, दिसत असेल तर गंमत म्हणजे तो बराचसा बरोबर निघतो, कारण तो बाष्पाच्या प्रत्यक्ष प्रमाणावर ठरतो आणि तापमान व आर्द्रता यांतल्या चुका तिथे एकमेकींना खोडतात. भलत्या जागी अडकलेल्या सेन्सरचा सर्वांत विश्वासू आकडा हा असतो.

उपकरणाची चूक आणि जागेची चूक वेगळी काढायची असेल तर आधी उपकरण तपासावं. घरगुती सेन्सरची अचूकता साधारण अर्धा ते एक अंश असते. पडद्यावर दशांश चिन्हानंतरचा आकडा दिसतो, पण त्याची हमी कुणी दिलेली नसते. दोन सेन्सर असतील तर ते खोलीत, भिंतीपासून दूर, शेजारी-शेजारी रात्रभर ठेवावेत. सकाळी त्यांच्यात जो फरक दिसतो तो उपकरणांचा. शून्य तपासायचं तर ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी यांचा दाट लगदा करावा. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत त्याचं तापमान ० अंशांवरच राहतं. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला संच असेल तर ते टोक त्यात थेट बुडवता येतं, डबी मात्र घट्ट बंद पिशवीत घालूनच, आणि तिला चांगला अर्धा तास द्यावा. बंद डबी नव्या तापमानाला रुळायला पाव तासाहून जास्त घेऊ शकते. घरातून बाहेर नेऊन पाच मिनिटांत आकडा वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग जागेची परीक्षा. दोन सेन्सर दोन उमेदवार जागांवर लावून आठवडाभर आलेख बघावा. पूर्ण ढगाळ आणि वाऱ्याच्या दिवशी दोघांचे आकडे जवळजवळ जुळतात, कारण तेव्हा प्रारणाचा खेळ बंद असतो आणि वारा सगळ्यांना एका पातळीवर आणतो. निरभ्र, शांत दिवशी ते जिथे फाटतात, तिथे जागेचा दोष उघडा पडतो. दिवसा ज्याचा आकडा कमी आणि पहाटेही ज्याचा कमी, ती जागा बहुधा चांगली. दिवसा कमी पण पहाटे जास्त असेल तर भिंत बोलते आहे. दिवसा जास्त आणि पहाटे कमी असेल तर सेन्सर आकाशाला उघडा आहे: दिवसा ऊन घेतो, रात्री आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही थंड होतो. मोबाइलवरच्या हवामानाशी तुलना करायला हरकत नाही, पण ते आकडे काही किलोमीटर दूरच्या केंद्राचे किंवा संगणकी प्रारूपाचे असतात. एक-दोन अंशांचा फरक तिथे साहजिक आहे.

चांगली जागा सापडल्यावर देखभाल थोडीच लागते. पावसाळ्याआधी आणि नंतर कवचावरची धूळ पुसावी, हवेच्या भोकांत कोळ्याची जाळी किंवा गांधीलमाशीचं घर नाही ना ते बघावं. रिचार्ज होणारे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४, त्यामुळे काही सेन्सर त्यांच्यावर लवकर मान टाकतात. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात अल्कलाइनपेक्षा लिथियम सेल टिकाव धरतात. बऱ्याच संचांत सेल बदलले की सेन्सर स्वतःला नवा ओळख-क्रमांक देतो आणि रिसीव्हर त्याला ओळखेनासा होतो. तेव्हा बदलताना दोघांना एकाच टेबलावर आणून पुन्हा जोडून घ्यावं, पडद्यावर आकडा आला की मगच सेन्सर बाहेर न्यावा. नोंदी ठेवत असाल तर सेल बदलल्याची, कवच धुतल्याची आणि विशेषतः सेन्सर हलवल्याची तारीख वहीत लिहावी. हातभर सरकवलेल्या सेन्सरचा पुढचा उन्हाळा मागच्यापेक्षा अर्ध्या अंशाने गार निघू शकतो, आणि दोन वर्षांनी तक्ता बघताना त्याचं कारण त्या वहीशिवाय कुठेच सापडणार नाही.